नेपल्सला क्रूझचा एकच दिवस: पॉम्पेई, म्युझियम की काप्री? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातोय. मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. बाकीच्या बंदरांचं जमवलंय, घोडं अडलंय ते नेपल्सपाशी. गुरुवारी सकाळी ७ ला जहाज धक्क्याला लागतं, संध्याकाळी ६.३० ला सुटतं आणि ६ च्या आत सगळ्यांनी जहाजावर परतायचं आहे. म्हणजे हातात जेमतेम आठ-नऊ तास.

मुलाला ज्वालामुखीचं वेड आहे, त्यामुळे त्याला पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, बघायचंच आहे. नवऱ्याचं म्हणणं, इतक्या लांब येऊन अवशेषांत काय फिरायचं, समोर काप्री बेट आहे, बोटीने जाऊन येऊ. आणि आईला नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम बघायचंय, तेही एका वस्तूसाठी. पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती तिथे आहे. आई शाळेत इतिहास शिकवायची. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली तिने पाहिली आहे, आणि तिची ही बहीण एकदा डोळ्यांनी बघायची, हे ती गेली कित्येक वर्षं बोलत आली आहे. ती स्वतःहून हट्ट करणार नाही. "तुम्ही मुलाचं बघा, मी जहाजावर बसेन" असं म्हणून मोकळी होईल. मला ते नकोय.

अडचण अशी की आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती छान चालते, पण ओबडधोबड दगड आणि चढ तिला जड जातात.

तर, पॉम्पेई आणि म्युझियम एका दिवसात होतं का? जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण जावं? काप्रीचा विचार सोडूनच द्यावा का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, आधी काप्रीचं सांगते, म्हणजे एक फाटा कमी होईल. बेट सुंदर आहे यात वादच नाही. बोटीही तुमच्या जहाजाच्या अगदी शेजारून, मोलो बेवेरेल्लो धक्क्यावरून सुटतात आणि साधारण पाऊण-एक तासात पोचवतात. पण समुद्र खवळला की त्या रद्द होतात, आणि ऑक्टोबरमध्ये हवेचा भरवसा नसतो. सकाळी बोट मिळाली आणि दुपारी वारा सुटला तर तुम्ही बेटावर आणि जहाज नेपल्सला. जमिनीवर अडकलात तर ट्रेन नाही तर टॅक्सी, काहीतरी मार्ग निघतो. बेटावर बोटीशिवाय इलाज नाही. ज्याच्यासाठी बरेच जण जातात ती निळी गुहा तर थोड्या लाटा असल्या तरी बंद ठेवतात, कारण होडीत आडवं पडून तिच्या ठेंगण्या तोंडातून आत शिरावं लागतं. नवऱ्याला म्हणावं, नेपल्समध्ये मुक्कामाला याल तेव्हा काप्री करा.

सहलीचा हिशोब असा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची जबाबदारी घेतं. आपलं आपण गेलात तर ते थांबणार नाही. त्यासाठी ही सहल महाग पडते. शिवाय तिच्यात पॉम्पेई आणि म्युझियम एकत्र क्वचितच असतं, आणि पन्नास जणांच्या घोळक्यात आईंना त्यांच्या चालीने चालता येणार नाही.

प्रतिसाद:

मी पॉम्पेईच्या विरोधात मत देतोय, रागावू नका. तुमच्या चौघांसाठी हर्क्युलेनियम, म्हणजे त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं दुसरं गाव, जास्त बरं.

कारण सांगतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा वारा आग्नेयेकडे होता. पॉम्पेईवर तासन्‌तास हलके सच्छिद्र दगड पडत राहिले आणि त्यांच्या भाराने छपरं कोसळली. हर्क्युलेनियमवर आधी फारसं काही पडलं नाही. नंतर मात्र तापलेला वायू आणि राख यांचे लोट डोंगरावरून आले आणि गाव वीसेक मीटर खाली गाडलं गेलं. त्या उष्णतेने लाकूड जळून राख न होता कोळसा होऊन टिकलं. म्हणून तिथे आजही वरचे मजले, तुळया, दारं आणि लाकडी जिने दिसतात. एका घरात दिवाणखान्यातली लाकडी घडीची भिंत जागच्या जागी उभी आहे, तिच्यावर दिवे अडकवायच्या ब्राँझच्या कड्यांसकट. पॉम्पेईत असलं काही बघायला मिळत नाही.

मुलाला जुन्या किनाऱ्यावरच्या कमानी दाखवा. १९८० पासून पुढे तिथे सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. बोटी येतील या आशेने आसऱ्याला आलेली ती माणसं. ते बघितल्यावर ज्वालामुखीबद्दल वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे सापडलेली एक होडीही वेगळ्या दालनात ठेवली आहे.

दुसरं म्हणजे आटोपशीरपणा. पॉम्पेई ६६ हेक्टरांवर पसरलंय, त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग उकरलाय. हर्क्युलेनियमचा उघडा भाग साडेचार हेक्टरांच्या आसपास. दोन-अडीच तासांत मनासारखं बघून होतं, म्हणजे दुपार म्युझियमला मोकळी.

प्रतिसाद:

वरच्या मुद्द्यांना मान देऊनही मी पॉम्पेईच्या बाजूने. तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पॉम्पेई आहे. तिथल्या लांबच लांब रस्त्यावर उभं राहून टोकाला व्हेसुव्हियस दिसतो, गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या खाचा दिसतात, त्या शहरभर फिरण्याची मजा छोट्या जागेत येत नाही. १८६३ मध्ये फिओरेल्लीने राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून माणसांचे जे साचे घ्यायला सुरुवात केली, तेही तिथेच.

आईंसाठी पियाझ्झा आंफितेआत्रोच्या दाराने जा. तिथून साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा सपाट केलेला मार्ग आहे, व्हीलचेअरही जाते. सगळा चालायची गरज नाही. किंवा सरळ दोन तुकड्या करा. बाप-लेक पॉम्पेईला, तुम्ही आणि आई म्युझियमला, चार वाजता सगळे जहाजावर.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. काप्री रद्द, नवऱ्याची समजूत पटली आहे.

दोन तुकड्या करायचा विचार आमच्याही मनात आला होता. पण ती मूर्ती बघताना नातू बरोबर असावा असं आईला वाटतं, आणि मला ते पटतं. घरी ती त्याला तिच्याबद्दल सांगते तेव्हा तो मन लावून ऐकतो. तेव्हा एकत्रच जाणार. हर्क्युलेनियमकडे मन झुकलंय. ती मूर्ती नक्की कुठल्या दालनात आहे, कुणी पाहिली आहे का?

प्रतिसाद:

पाहिली आहे, आणि तुमच्या आईंचा धागा वाचून फार बरं वाटलं.

ती 'गाबिनेत्तो सेग्रेतो' म्हणजे गुप्त दालनात असते. एकेकाळी शृंगारिक शिल्पं आणि चित्रं लोकांच्या नजरेपासून लांब ठेवायला केलेलं हे दालन. आता नेहमीच्या तिकिटात बघता येतं. मुलगा बरोबर आहे म्हणून आधीच सांगते, आजूबाजूच्या वस्तू उघड कामविषयक आहेत. सरळ मूर्तीपाशी जाऊन परत फिरता येईल. कधीकधी ती दुसरीकडच्या प्रदर्शनाला जाते किंवा दालन थोडा वेळ बंद असतं, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात म्युझियमला मेल करून विचारून घ्याच. इतक्या वर्षांची इच्छा आहे, नशिबावर सोडू नका.

मूर्ती जेमतेम वीतभर उंच, पंचवीस सेंटीमीटरच्या आत. कंबरेला मेखला, गळ्यात हार, हातापायांत भरगच्च कांकणं आणि तोडे, एक हात डोक्यामागे वळवलेला. दोन्ही बाजूंना कंबरेएवढ्या दोन दासी, प्रसाधनाचं सामान घेतलेल्या. डोक्यावरून खाली एक भोक आहे. आरशाची मूठ किंवा छोट्या चौरंगाचा पाय असावा असा अंदाज त्यावरूनच निघाला. तळाशी खरोष्ठी या वायव्य भारतातल्या जुन्या लिपीतलं एक अक्षर कोरलंय. काचेला डोळा लावून शोधायला मुलाला सांगा. १९३८ मध्ये ती पॉम्पेईतल्या एका घरात सापडली आणि लक्ष्मी म्हणून प्रसिद्ध झाली, पण अभ्यासक तिला यक्षी मानतात. आधी तिचा उगम मथुरेकडे धरत असत. नंतर भोकरदनच्या उत्खननात तशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी पॉम्पेईची मूर्तीही तिथलीच असावी असं मांडलं. सातवाहनांच्या काळात भोकरदन, तेर, पैठणचा माल बंदरांपर्यंत जाऊन पुढे रोमन जहाजांत चढत होता. आईंना हे माहीत असणारच, नातवाला मात्र तिथे उभं राहून सांगायला लावा.

प्रतिसाद:

आता वेळापत्रक जुळवूया. क्रम आधी हर्क्युलेनियम, मग म्युझियम असाच ठेवा. लांबची जागा सकाळी उरकली की दिवसभर तुम्ही जहाजाच्या जवळ जवळ येत जाता, आणि काही गडबड झालीच तर हाताशी वेळ असतो. दुसरं कारण बघण्यातलं. या गावांतली उत्तम भित्तिचित्रं आणि मोझाइक काढून म्युझियममध्ये नेलेली आहेत. आधी रिकाम्या भिंती बघितल्या की ती चित्रं कुठल्या घरात कशी शोभत असतील ते कळतं.

जहाज ७ ला लागलं तरी उतरायला परवानगी मिळेपर्यंत पाऊण तास जातो, त्यामुळे ८ धरा. धक्क्यावरून टॅक्सीने पोर्ता नोलानाला जा. सगळे गॅरिबाल्दी स्टेशनवर चढतात, पण चिर्कुमव्हेसुव्हियाना या लोकल रेल्वेची गाडी पोर्ता नोलाना स्टेशनहून सुटते, म्हणून आईंना बसायला जागा मिळते. सोरेंतोकडे जाणारी गाडी घ्या, 'एर्कोलानो स्काव्ही'ला (हर्क्युलेनियमचं स्टेशन) उतरा, वीसेक मिनिटांचा प्रवास. गाडी जुनाट आणि गच्च असते, पाकिटं आणि पर्स पुढे धरा.

स्टेशनपासून अवशेषांपर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे, दहा मिनिटांचा. जाताना काही वाटत नाही, परतताना तोच चढ होतो. गुडघ्याचा विचार करता परतीला थेट म्युझियमपर्यंत टॅक्सी करा. बसण्याआधी ठरावीक दर विचारा, म्हणजे मीटरवरून वाद नको. साडेबाराला निघालात की दीडला म्युझियम, मध्ये कुठेतरी जेवण. तिथून चार वाजता 'म्युझेओ' स्टेशनवर मेट्रोची १ नंबरची लाइन पकडा, 'म्युनिचिपिओ'ला उतरा, बाहेर आलात की समोर किल्ला आणि त्याच्या मागे तुमचं जहाज. मधल्या 'तोलेदो' स्टेशनचं निळं मोझाइक मुलाला बघू द्या, त्याच तिकिटात होतं.

म्युझियम मंगळवारी बंद असतं, तुमचा गुरुवार आहे म्हणून काळजी नाही. आणि एक, जहाजावरचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं. उतरताना दारातल्या माणसाला विचारूनच पाय खाली ठेवा.

धागाकर्ती:

किती नेमकं सांगितलंत! हाच बेत पक्का केला. आईला वाचून दाखवलं, ती लगेच ढवळीकरांचं पुस्तक कपाटातून काढून बसली आहे. मुलगाही खूश आहे, कारण उद्रेक ऑगस्टमध्ये नाही तर ऑक्टोबरमध्ये झाला असावा असं त्याने कुठेतरी वाचलंय आणि आपण त्याच महिन्यात जाणार म्हणून हरखलाय. हे खरं आहे का? आणि ट्रेनचा संप असला तर काय करायचं?

प्रतिसाद:

तसं अनेक अभ्यासकांना वाटतं, पण वाद अजून मिटलेला नाही. २०१८ मध्ये पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यात १७ ऑक्टोबरची तारीख आहे. कोळशाची अक्षरं फार काळ टिकत नाहीत, तेव्हा ती उद्रेकाच्या थोडीच आधीची असावीत असं उत्खनन करणाऱ्यांनी त्या वेळी म्हटलं होतं.

संप इटलीत आधी जाहीर होतात. निघण्याच्या चार दिवस आधी 'शोपेरो' हा शब्द आणि नेपल्स टाकून शोधा. संपाच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळांत काही गाड्या चालवाव्या लागतात, पण आई बरोबर असताना त्या भानगडीत पडू नका, जाता-येता टॅक्सीच करा. चौघांत वाटून घेतली की परवडते. पासपोर्ट जहाजाने जमा करून घेतले असतील तर आदल्या रात्रीच रिसेप्शनवर चौकशी करा, सकाळी तिथे रांग लागते.