'गाजो'ला मराठीत काय म्हणाल?

बोरूबहाद्दर: रविवारी आमच्या फिल्म क्लबात टोनी गातलिफचा 'गाजो दिलो' (१९९७) आहे. उपशीर्षकं मराठीत करायला घेतली आणि नावालाच अडलो. पॅरिसचा पोरगा नोरा लुका नावाच्या गायिकेला शोधत रुमानियातल्या रोमा (म्हणजे जिप्सी) लोकांच्या वस्तीत येतो. म्हातारा इझिडोर त्याला घरात ठेवून घेतो, वस्तीला मात्र तो चोर वाटतो! गाजो म्हणजे जो रोमा नाही तो, दिलो म्हणजे वेडा. 'येडा परका' केलं तर बायको म्हणाली, जावयावर आहे का?

घडवंची: 'उपरा'. विषय संपला.

खळ्यावरची: कसा संपला? उपऱ्याला कुठे थारा नसतो. गाजोला सगळं जग मोकळं, थारा नाही तो रोमांना. लहानपणी आमच्याकडे डोंबारी यायचे, ते आम्हाला 'गाववाले' म्हणायचे. 'येडं गाववालं' करा.

घडवंची: अहो, पण यात गाव रोमांचंच आहे. चिखलातली का होईना, घरं आहेत. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतोय तो फ्रेंच.

मूळाक्षर: गंमत बघा, गाजो हा संस्कृत 'गार्ह्य'वरून आला म्हणतात. म्हणजे घरवाला! आणि 'रोम' हा 'डोंब'चा भाऊबंद, त्यामुळे खळ्यावरचे डोंबारी अगदीच परके नाहीत.

तिखटमीठ: दिलो म्हणजे दिलवाला असणार. वस्तीतली साबिना भाळते ना त्याच्यावर.

मूळाक्षर: दिल फारसी. असंच जुळवायचं तर हॅम्लेट म्हणजे हिंमतलाल.

तिखटमीठ: बरं. पण 'उपशीर्षकं' कोण म्हणतं हो? सबटायटल्स म्हणा की.

बोरूबहाद्दर: मी म्हणतो. गाजोचं बोला.

मूळाक्षर: प्रेमाचे संवाद जपून करा. रोमानीच्या, म्हणजे रोमांच्या भाषेच्या, काही बोलींत 'मे कामाव तुत', बाल्कनकडे 'मंगाव तुत'. 'मे' म्हणजे आपला मी, आणि मंगाव म्हणजे मागतो. तू हवीस आणि तू आवडतेस, दोन्हीला एकच क्रियापद.

खळ्यावरची: अगंबाई, म्हणजे मागणीच घातली! माझ्या आत्याला एकाच मे महिन्यात तीन मागण्या आल्या होत्या. आजोबांनी तिन्ही पत्रं सुपारीच्या डब्यात ठेवली आणि विसरले.

घडवंची: मागणी भाजीला असते. मुलीला 'मागणं' येतं.

खळ्यावरची: आमच्याकडे मागणीच म्हणतात. कोशात बघा.

घडवंची: कोश पुण्यात बसून केलेत.

बोरूबहाद्दर: मंडळी, रविवार परवा आहे. गाजो?

तिखटमीठ: पण मग आत्याचं पुढे काय झालं?