इंग्लंडमध्ये घरगुती डबे: कौन्सिलचा माणूस नेमकं काय बघतो?

रेडिंगकर
घरून मराठी डबे सुरू करायचेत. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला 12-15 डबे: पोळी, भाजी, आमटी, मसालेभात. दिवाळीत फराळही. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर. कौन्सिलचा परवाना हातात येईपर्यंत थांबायचं का? तपासणीला न सांगता येतात का? आणि पहिल्याच फेरीत स्वच्छतेचं 5 रेटिंग (0 ते 5 मधलं सर्वात वरचं) मिळवायला काय तयारी लागते?

ओट्यापाशी
परवाना नाही, नोंदणी. धंदा सुरू करायच्या किमान 28 दिवस आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा. फी नाही, आणि कौन्सिलला नोंदणी नाकारता येत नाही. त्यामुळे नोंदणी झाली म्हणजे स्वयंपाकघर पास झालं असं समजू नका, खरी पारख नंतर. हॉटेलात अधिकारी न सांगता येतात. घरून चालणाऱ्या धंद्याला बरीच कौन्सिलं आधी फोन करतात, पण ते गृहीत धरू नका.

गुण उलटे असतात, जितके कमी तितके चांगले. अन्नाची हाताळणी 25 पैकी, जागेची अवस्था 25 पैकी, 'कॉन्फिडन्स इन मॅनेजमेंट', म्हणजे तुम्ही हे सगळं नीट सांभाळाल याची अधिकाऱ्याला वाटणारी खात्री, 30 पैकी. 5 रेटिंगसाठी बेरीज 15 च्या वर जाता कामा नये आणि कुठल्याही एका रकान्यात 5 पेक्षा जास्त पडता कामा नयेत. आपल्याकडे ओटा लखलखीत असतो, मार बसतो तो तिसऱ्या रकान्यात, कारण लिहून ठेवलेलं काहीच नसतं. पहिल्या दोन्हींत शून्य आणि तिसऱ्यात 10 पडले तरी रेटिंग 4. तिथे 20 पडले तर थेट 1! फूड स्टँडर्ड्स एजन्सीची 'सेफर फूड, बेटर बिझनेस' ही नोंदींची वही फुकट डाउनलोड होते, ती पहिल्या दिवसापासून भरा. आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली महिन्याची डायरी लगेच ओळखू येते.

फोडणीवाली
14 ॲलर्जन्सची (ॲलर्जी आणणाऱ्या, ग्राहकाला सांगाव्याच लागणाऱ्या पदार्थांची) यादी आपल्या डब्याला कुठे लागू होते ते बघा. मोहरी त्या यादीत आहे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फोडणी. तीळ आहेत, शेंगदाणे आहेत, काजू आहेत. आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो हिंग: बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. भाजणीत गहू नाही म्हणून चकली 'ग्लुटेन-फ्री' म्हणून विकली आणि पिठात हिंग घातला, की संपलं. व्हॉट्सॲपवरच्या विक्रीत ही माहिती दोनदा द्यावी लागते, ऑर्डर पक्की होण्याआधी आणि डबा देताना. डब्यावर चिठ्ठी लावा.

रेडिंगकर
हिंगाची डबी आत्ता बघितली, मैदा आहेच! मसालेभात रात्री करून सकाळी डब्यात भरला तर चालेल का?

ओट्यापाशी
पातेल्यात तसाच ठेवणार असाल तर अजिबात नाही. तांदळातल्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून भात परातींत पातळ पसरायचा, तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि 24 तासांच्या आत संपवायचा. पाच लिटरचं झाकलेलं पातेलं मध्यभागी तासन् तास गरम राहतं, तिथेच घात होतो. 12 डब्यांसाठी सकाळी करणंच सोपं.

फ्रीजला कायद्याची मर्यादा 8 अंश आहे, पण 5 वर ठेवा, दार उघडझाक होतंच. गरम डबा 63 च्या वर. प्रोब थर्मामीटर (अन्नात खुपसायचा) घ्या आणि तो बरोबर दाखवतो का ते तपासत जा: बर्फाच्या पाण्यात -1 ते 1, उकळत्या पाण्यात 99 ते 101. सॅनिटायझरच्या बाटलीवर बीएस ईएन 1276 किंवा 13697 (जंतुनाशकांची मानकं) हवं. आधी ओटा साबणाने धुवायचा, मग फवारा, आणि लेबलवर दिलेला वेळ तो ओला राहू द्यायचा. फवारला की लगेच पुसायची सवय फार जणांना आहे, त्याने काही मरत नाही.

कार्डिफचा_पत्ता
रेटिंग पटलं नाही तर 21 दिवसांत अपील करता येतं. दोष दुरुस्त करून पुन्हा तपासणीही मागता येते, त्याला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. इंग्लंडमध्ये रेटिंगचं स्टिकर लावणं ऐच्छिक आहे, आमच्या वेल्समध्ये 2013 पासून सक्तीचं. स्कॉटलंडमध्ये आकडेच नाहीत, 'पास' किंवा 'इम्प्रूव्हमेंट रिक्वायर्ड' एवढंच. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, कौन्सिलची नोंदणी तिथे उपयोगी पडत नाही.