घाशीरामच्या मानवी पडद्यात नवखा मुलगा

नमस्कार मंडळी,
विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ नाटकात बाराजण रांगेत गात-डोलत मानवी पडदा होतात. आपल्या पडद्यातला बारावा माणूस म्हणून कॉलेजातला एक मुलगा मिळालाय. रंगमंचावर पहिल्यांदाच. त्याला डाव्या टोकाला उभा करू का? तिथे फारसं लक्ष जात नाही.
– कार्यकारिणी

ताई,
टोक नकोच. रांग सरळ ठेवतात ती टोकाचीच दोघं; एक पाऊल चुकलं की अख्खी रांग वाकते. त्याला चौथा ठेवा, दोन्ही बाजूंना मुरलेली माणसं. डोलण्याची लय त्याने खांद्यांवरून घ्यायची, तिरक्या नजरेने नाही. माणशी 50 सेंटिमीटर धरले तरी बाराजणांना 6 मीटर लागतात, वर डोलायला एखादा मीटर. मंच अरुंद असेल तर माणसं कमी करा, दोन रांगा करू नका; मग पडदा झटकन दुभंगत नाही.

पाय आठवड्यात बसतात, गोची चेहऱ्याची होते. हाच पडदा क्षणात भजन सोडून बावनखणीतलं, म्हणजे पेशवाई पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीतलं, गिऱ्हाईक होतो. भाव पाठ प्रेक्षकांकडे असतानाच बदलायचा, वळल्यावर बदलला की सोंग उघडं पडतं. आधी नुसतं वळणं, चार मात्रांत, गाण्याशिवाय. मग ढोलकी. मात्र चाल आणि पावलं फार दिवस वेगळी शिकवू नका. मूळ प्रयोगातलं भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना एकमेकांत गुंतलेली आहेत.
– नाट्यविभाग

दादांच्या मेलला पुरवणी: पाठमोरं गाणं मागच्या भिंतीवर आपटतं. उघड्या अंगाला चिकटवलेला माइक घामाने सुटतो, त्यापेक्षा रांगेच्या मागे वरून दोन सोडा. मॉनिटर (मंचावरचा स्पीकर) माइकपासून लांब ठेवा, नाहीतर शिट्टी ठरलेली. आणि इथे, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांचे च-ज आधी तपासा. समूहात एक चुकीचा ‘च’ लगेच कानात खुपतो.
– ध्वनी

मुलाला संहिता आधी पूर्ण वाचायला द्या, फक्त त्याची पानं नकोत. 1972 साली पुण्यात आलेलं हे नाटक 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच वादामुळे थांबवलं होतं; 1974 मध्ये थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभं केलं. आपल्याकडेही कुणीतरी उठून जाईल, त्याने तिकडे बघायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवा. अठराच्या आतला असेल तर बावनखणीत नको.

अग्निदिव्यात हातावर ठेवायचा तापलेला गोळा थर्माकोलचा, वर लाल दिवा. शेवटच्या दगडमारीत हातात काहीही नको, ढोलकीच्या थापेवर नुसते हात. धोतराला आतून इलॅस्टिकचा पट्टा लावा आणि पहिल्या तालमीपासून धोतरच नेसवा. पँटवर बसवलेलं वळण धोतरात अडखळतं.
– दिग्दर्शन साहाय्य