मदत हवी आहे: घोडे सांभाळायला जमतं, घोडेमालक कसे सांभाळायचे?

नमस्कार मंडळी,

बेळगाव-खानापूर रस्त्यापासून थोडं आत माझं रान आहे. चार वर्षांमागं स्वतःच्या दोन घोड्यांसाठी तिथं तबेला बांधला. एका मित्रानं 'माझा पण एक ठेव की' म्हणून घोडा आणून बांधला, त्याचं बघून दुसऱ्यानं. आता माझे दोन धरून आठ जनावरं आहेत. मालक बेळगाव शहरातले, एक हुबळीचा, एक कोल्हापूरचा, एक गोव्याचा. बाहेरदेशी याला लिव्हरी म्हणतात. आमच्या गावात 'घोड्यांचं हॉस्टेल' म्हणतात आणि मेस कशी आहे म्हणून चेष्टा करतात.

काम चांगलं चाललंय असं मी म्हणेन. प्रत्येकाला बारा बाय बारा फुटांची खोली, खाली भाताचा तूस, दिवसातून तीन वेळा थोडी थोडी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक (घोड्याचं पोट लहान, एकदम भरून चालत नाही), मध्ये वाळलेलं गवत नि कडबा. खरारा (ब्रशनं अंग घासणं) रोज. दर दीड महिन्याला नालबंद येऊन खूर तासतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, म्हणून पावसाळ्यात खुराची खाच रोज साफ करून कोरडी करतो, नाहीतर चार दिवसांत कुजका वास सुटतो. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, दोन. थोरला अंकलीकडचा. माउलींचे अश्व दरवर्षी शितोळे सरकारांच्या अंकलीहून आळंदीला चालत जातात, तिकडच्या माणसाला घोडं शिकवावं लागत नाही.

या सगळ्याचे महिना १४ हजार घेतो. 'औषधपाणी वेगळं' एवढंच तोंडी ठरलेलं. आता या 'वेगळं'नं माझी झोप उडवली आहे.

श्रावणातली गोष्ट. रात्री अकराला मोतद्दारानं दार वाजवलं, "मालक, ती नुकरी लोळायलीय बघा." जाऊन बघतो तर ती पांढरी घोडी पुढच्या पायानं जमीन उकरतेय, मान वळवून सारखी कुशीकडं बघतेय, बसतेय, परत उठतेय. तोबऱ्यातली चंदी अर्धी तशीच. संध्याकाळपासून लीद नाही. कुशीला कान लावला तर गुडगुड जवळजवळ बंद. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली, मिनिटाला ६४. एरवी ती चाळिशीच्या आत असते. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलेलं वरून बाहेर पडायची सोयच नाही, त्यामुळे पोटशूळात वाट बघणं म्हणजे जुगार.

मालकाला सात वेळा फोन लावला, बंद. आठव्यांदा डॉक्टरांना लावला. आमच्या भागात म्हशींचे डॉक्टर हाकेला मिळतात, घोड्याला हात लावणारा एकच, तोही ४० किलोमीटरवर. पावसातून आले. नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, इंजेक्शनं दिली, आणि आम्ही आळीपाळीनं तिला हळूहळू फिरवत राहिलो. पहाटे पाचला घोडीनं लीद टाकली. लीद बघून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

बिल साडेनऊ हजार, मी भरलं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणतात, "मला न विचारता डॉक्टर कसा बोलावला? आमच्याकडं हिंग नि सोडा पाजून घोडी उभी करतात." त्यानंतर दोन महिने बिलही नाही आणि भाडंही नाही. घोडी मात्र माझ्याकडेच, दिवसाला तीन वेळा जेवतेय.

हेच गृहस्थ गव्हाच्या कोंड्याची पोती पाठवतात आणि चंदीऐवजी तोच घाला म्हणतात. आजोबा घालायचे म्हणे. दुसरे एक दर रविवारी घोड्याला भेटायला येतात, हातात कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा डबा. माणसाला कुंदा आवडतो हे बेळगावात सांगायची गरज नाही, पण घोड्याला पाव किलो?

तर जाणकारांनो, कागदावर नेमकं काय लिहून घेऊ? मालक सापडला नाही तर निर्णय कोणाचा, पैसे कोणाचे? थकबाकीपोटी घोडी अडवून ठेवता येते का? आणि 'तुमच्या घोड्याला हे घालणार नाही' असं गिऱ्हाईक न तुटता कसं सांगता?

प्रतिसाद १ (कोर्टाजवळचा)

पहिलं म्हणजे घोडी अडवायचा नाद सोडा. १८७२च्या करार कायद्यात सगळ्या थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू धरून ठेवायचा हक्क कलम १७१नं बँका, उच्च न्यायालयाचे वकील अशा मोजक्यांना दिलाय. बाकीच्यांना तसा स्पष्ट करार लागतो. तुमच्याकडं कागदच नाही, मग काय अडवणार? उलट कलम १५१ तुमच्याच डोक्यावर आहे: सांभाळायला घेतलेल्या मालाची, शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची. डॉक्टर बोलावलात ते त्यातच बसतं. न बोलावता घोडी गेली असती तर हेच गृहस्थ तुम्हाला नोटीस पाठवते.

कागदात आकडा घाला. 'इतक्या रकमेपर्यंतचा उपचार मालकाला न विचारता, खर्च मालकाचा.' दुसरा एक फोन नंबर सक्तीनं घ्या. दोन महिन्यांची अनामत घ्या. आणि घोडं वाचत नाही असं डॉक्टर म्हणाले नि मालक सापडत नाही, तर दयामरणाला संमती कोणाची, हेही आत्ताच लिहा. लिहायला जड जातं, पण त्या रात्री जास्त जड जाईल.

प्रतिसाद २ (जुना पागेवाला)

कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, चुना (कॅल्शियम) कमी. महिनोन्महिने तोच घातला तर शरीर हाडातला चुना ओढतं आणि तोंडाची हाडं फुगतात. त्यात तुमचा भाग उसाचा, कोणी फुकट वाढे (उसाचे शेंडे) आणून टाकत असेल तर तेही बेतानं, त्यातलं ऑक्झलेट उरलेला चुना बांधून ठेवतं. मालकाला 'नाही' म्हणू नका, डॉक्टरांकडून आहाराचा कागद लिहून घेऊन तबेल्याच्या दारावर चिकटवा. भांडण कागदाशी होतं, तुमच्याशी नाही. कुंदेवाल्यांच्या हातात गाजर द्या, उभं चिरलेलं. त्यांना भरवायचं असतं, काय ते महत्त्वाचं नसतं.

अजून एक, जे तुम्ही विचारलं नाही. बाजारातून घेतलेला घोडा थेट दावणीला बांधू नका. तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय आत नाही. त्यावर लस नाही, माणसाला होतो, आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९च्या कायद्यानं सरकारला कळवणं सक्तीचं आहे. एक घोडा बाधित सापडला की तुमचे आठही अडकले.

आणि आता खरं सांगा. त्या दिवशी घोडी पाणी किती प्यायली होती?

धागाकर्ता

हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं.

पावसानं तार तुटून दोन दिवस मोटर बंद होती. विहिरीतून बादल्यांनी पाणी चाललं होतं. घोड्याला दिवसाला तीसेक लिटर तरी लागतं हे मला पाठ आहे, पण कोणी किती बादल्या घातल्या हे कुठं लिहिलेलं नव्हतं. दोघं मोतद्दार एकमेकांकडं बघत होते. नुकरी शेवटच्या खोलीत असते, तिच्यापर्यंत बादली पोचेपर्यंत हात दुखून आले असणार. आत कोरडा कडबा, वर कोंडा, पाणी कमी.

हे मी मालकांना सांगितलं नव्हतं. काल रात्री तुमचे प्रतिसाद वाचून फोन केला आणि सांगितलं. आधी गरम झाले, ते बरोबरच. मग बिल निम्मं-निम्मं करायचं ठरलं. थकलेलं भाडं दिवाळीच्या आधी देतो म्हणाले. कोंड्याचं मात्र "बघू" म्हणालेत.

प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी लावली आहे: पाणी, चंदी, लीद, वेळ. थोरल्या मोतद्दाराला कानडीत लिहिणं सोपं पडतं, म्हणून पाटी कानडीत. करारनामा दोन्ही भाषांत करतोय. कोर्टाजवळच्या दादांनी मसुदा एकदा नजरेखालून घालावा, विनंती. उपचाराच्या मर्यादेचा आकडा दहा हजार ठेवू की पंधरा?