सिस् रेणू ओढला तर वलय उलट्या दिशेने उघडतंय. माझं काय चुकतंय?

सायली_एमएस्सी: प्रोजेक्टसाठी बेन्झोसायक्लोब्यूटीन (बेन्झीनला चौकोनी वलय जोडलेला रेणू) संगणकावर ताणून बघतेय. चौकोनी वलयाला दोन शेपट्या आहेत: सिस् रेणूत वलयाच्या एकाच अंगाला, ट्रान्समध्ये विरुद्ध अंगांना. त्यांच्या टोकांमधलं अंतर दर पायरीला ०.०५ अँगस्ट्रॉमने (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) वाढवते, तेवढं पक्कं धरून बाकीचा रेणू सैल सोडते, ऊर्जा टिपते. ट्रान्स रेणू उघडताना दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरली, म्हणजे वलय उघडताना टोकं कशी फिरतात ते सांगणाऱ्या वुडवर्ड-हॉफमनच्या नियमाप्रमाणे. सिस्‌मध्ये मात्र ती एकमेकांविरुद्ध फिरतात. तीनदा पहिल्यापासून केलं, तरी तेच. सर म्हणतात, इनपुट तपास. आलेखाच्या चढावरून काढलेलं बलही अवाच्या सवा येतंय. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे, झोप लागत नाहीये.

जुना_गणनावाला: सायली, एकही फाइल खोडू नकोस! २००७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जेफ्री मूर यांच्या गटाने नेमका हाच रेणू लांब पॉलिमर साखळीच्या मधोमध बसवून अल्ट्रासाउंडने ओढला. सिस् काय, ट्रान्स काय, दोन्हींतून एकच उत्पादन मिळालं. नुसत्या उष्णतेने असं होत नाही.

नियम मोडला असं मात्र लिहू नकोस. तो न ओढलेल्या रेणूचा आहे. सिस्‌मध्ये दोन्ही शेपट्या वलयाच्या एकाच अंगाला असतात. त्या लांब न्यायच्या तर टोकांना विरुद्धच फिरावं लागतं. ती वाट एरवी महाग, म्हणजे तिच्यावर ऊर्जेचा अडथळा उंच, पण तिच्यावर रेणू जास्त लांबतो, म्हणून ओढ वाढेल तसा तिचाच अडथळा भराभर उतरतो. १ नॅनोन्यूटन बल १ अँगस्ट्रॉम सरकलं की मोलमागे ६० किलोज्यूल काम होतं. खोलीच्या तापमानाला एवढ्याने वेग साधारण तीन हजार कोटी पट वाढतो. हा हिशोब वहीत स्वतः करून बघ, फार आनंद होतो.

कक्षक: ऊर्जा काढायला रिस्ट्रिक्टेड डीएफटी, म्हणजे इलेक्ट्रॉन कायम जोडीनेच धरणारी गणना, वापरलंस का? विरुद्ध फिरणाऱ्या वाटेवर अडथळ्याच्या माथ्याजवळ इलेक्ट्रॉनांची जोडी जवळजवळ सुटते. तिथे जोडी सुटू देणारं अनरिस्ट्रिक्टेड हवं, आणि सुरुवातीच्या अंदाजात अल्फा-बीटाची (उलट स्पिनच्या दोन इलेक्ट्रॉनांची) सममिती मुद्दाम मोडायला हवी. नाहीतर ते गुपचूप जुन्याच उत्तरावर येतं.

जुना_गणनावाला: कक्षक यांचं आधी कर. बलाचं म्हणशील तर तुझ्या पद्धतीत तापमानच नाही. चढाचा कमाल आकडा म्हणजे अडथळा पूर्ण नाहीसा व्हायला लागणारं बल. खऱ्या रेणूला उष्णतेचे धक्के सतत बसतात, त्यामुळे तो त्याआधीच उघडतो. तो आकडा प्रयोगाशेजारी तसाच मांडू नकोस. स्थिर बल लावून संक्रमण अवस्था, म्हणजे अडथळ्याचा माथा, शोध, अडथळा काढ, मग वेग.

सायली_एमएस्सी: रात्री अनरिस्ट्रिक्टेड चालवलं. माथ्याजवळ ऊर्जा खाली आली, फिरणं विरुद्धच राहिलं! सरांना दोन्ही आलेख एकावर एक ठेवून दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. आता स्थिर बलाची गणना लावलीय, पहिलं ०.५ नॅनोन्यूटनचं.