कापल्यावर झाडाला दुखतं का? ते ओरडतं का?

पानगळ (धागाकर्ता)

गेले काही दिवस एक व्हिडिओ फिरतोय. टोमॅटोचं रोप कात्रीनं कापतात आणि पाठोपाठ टकटक, टकटक असा आवाज ऐकू येतो. वर मथळा: ‘झाडं किंचाळतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं.’ आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर त्यावरून ‘मग शाकाहारी लोक कुठल्या तोंडानं बोलतात’ इथपर्यंत मजल गेली. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून हा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो: झाड ओरडत नाही. आणि त्याला वेदना होतात असं म्हणण्याजोगा पुरावा आज आपल्याकडे नाही.

व्हिडिओमागचं संशोधन खरं आहे आणि चांगलंही आहे. तेल अवीव विद्यापीठात लिलाक हदानी यांच्या गटानं ते केलं आणि 2023 मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात छापून आलं. टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांपासून सुमारे 10 सेंटिमीटरवर मायक्रोफोन ठेवले होते. पाणी तोडलेल्या टोमॅटोच्या रोपातून तासाला सरासरी 35 च्या आसपास आवाज आले, कापलेल्यातून 25 च्या आसपास. धडधाकट रोपातून तासाला एकही धड नाही. नुसती माती भरलेली कुंडी गप्प. आवाजांची कंपनसंख्या साधारण 40 ते 80 किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाला येणाऱ्या 20 किलोहर्ट्झच्या कितीतरी वर. व्हिडिओत आपण ऐकतो तो आवाज खाली उतरवलेला आहे आणि मधली शांतता काढून एकापुढे एक दाबून बसवलेला आहे. तासाभरात पाचपंचवीस वेळा होणारी टिकटिक त्यामुळे किंकाळ्यांसारखी वाटते.

आता हा आवाज येतो कुठून? पानातून पाणी उडून जातं तसं खालचं पाणी वर ओढलं जातं. जलवाहिन्यांमधला पाण्याचा स्तंभ ताणलेल्या दोरासारखा असतो. पाणी कमी पडलं की ताण वाढतो, वाहिनीत हवेचा बुडबुडा तयार होतो आणि स्तंभ तुटतो. त्या क्षणी टिक होते. संशोधकांनी स्वतः हेच संभाव्य कारण दिलंय. या तुटण्याचे आवाज मिलबर्न आणि जॉन्सन यांनी 1966 मध्येच एरंडाच्या पानात टिपले होते. आणि ज्या जलवाहिन्यांतून हा आवाज येतो त्यांच्या पेशी कामाला लागतात तेव्हाच मेलेल्या असतात. आत जीवद्रव्य नाही, केंद्रक नाही, उरतात त्या भिंती. मेलेल्या नळीतल्या बुडबुड्याला किंकाळी म्हणायचं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

झुळूक

पण झाडांना भावना असतात हे पूर्वीच सिद्ध झालंय ना? एका अमेरिकन माणसानं खोट पकडायचं यंत्र झाडाला लावलं होतं. पान जाळायचा नुसता विचार मनात आणला तर काटा हलला, असं वाचलंय.

पानगळ

@झुळूक, तो क्लीव्ह बॅकस्टर, 1966 ची गोष्ट. तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता, पॉलिग्राफ तज्ज्ञ होता. इतरांनी काटेकोर नियंत्रण ठेवून त्याचे दावे तपासले तेव्हा तसं काही आढळलं नाही, आणि ते 1975 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलंय. त्यावर काहीही उभारू नका.

रानजाई

बॅकस्टर बाजूला ठेवायला माझीही हरकत नाही. पण पानगळ सर, तुम्ही यंत्रणा सांगितलीत आणि तिथेच प्रश्न मिटवलात. माणसाची किंकाळी म्हणजे तरी काय? फुप्फुसातली हवा आणि थरथरणाऱ्या स्वरतंतू. आवाज कसा निघतो हे सांगितल्यानं तो कशाबद्दल आहे हे ठरत नाही.

बुडबुड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते जिवंत पेशींमध्ये काय चालतं ते. 2018 मध्ये मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांच्या गटानं कॅल्शियम वाढलं की चमकणारी अराबिडॉप्सिसची (प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ती मोहरीच्या कुळातली छोटी वनस्पती) रोपं वापरली. अळीनं एक पान कुरतडलं की चमकेची लाट देठातून निघते आणि मिनिट-दोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत पोचते. ती पानं मग जास्मोनिक आम्ल तयार करून बचावाला लागतात. ही लाट सुरू करतं कोण? ग्लुटामेट. आपल्या मेंदूत एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं तेच रसायन. झाडाला इजा ‘कळत’ नाही असं म्हणणाऱ्यांनी ती चित्रफीत एकदा बघावी.

आणि लाजाळू? तिला ईथरच्या वाफेत ठेवलं तर हात लावूनही ती मिटत नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं हे एकोणिसाव्या शतकातच दाखवलं. वाफ काढून घेतली की ती पुन्हा मिटू लागते. जिला भूल चढते, तिला आधी काही जाणवत नव्हतं हे तुम्ही कशावरून म्हणता?

जगदीशचंद्र बोसांनी 10 मे 1901 ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विष दिलेल्या झाडाचा विद्युत प्रतिसाद मंदावत थांबताना दाखवला, तेव्हाही मोठमोठ्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. आज झाडातल्या विद्युत संकेतांवर कोणी वाद घालत नाही. त्या वेळचा ठामपणा आणि तुमचा ठामपणा यात मला फारसा फरक दिसत नाही.

भूलतज्ज्ञ

रोजचं काम हेच असल्यामुळे भुलीबद्दल लिहितो. ईथर फक्त जाणीव घालवतं असं नाही. ते पेशींच्या आवरणांवर आणि त्यातल्या आयनांच्या वाटांवर परिणाम करतं, आणि अशी आवरणं सगळ्याच जिवांना असतात. लाजाळूचं मिटणं विद्युत संकेतावर आणि पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतलं पाणी सरकण्यावर चालतं. ईथरनं संकेत थांबला, मिटणं थांबलं. यातून लाजाळू शुद्धीवर होती असं निघत नाही.

दुसरं. इजा टिपणं वेगळं आणि वेदना वेगळी. मज्जारज्जू वर पूर्ण तुटलेल्या रुग्णाच्या तळपायाला टोचलं तर पाय आखडून वर येऊ शकतो. बघणाऱ्याला वाटतं, दुखलं. रुग्णाला विचारा, त्याला काही कळलेलंसुद्धा नसतं. संकेत गेला, प्रतिसाद आला, वेदना मात्र झालीच नाही. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही इंद्रियानुभवाबरोबर भावनिक अनुभव धरलेला आहे. अनुभव घेणारा कुणीतरी लागतो. झाडात तो कुठे बसलाय, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

डाळिंबवाला

नमस्कार मंडळी. सांगोल्याकडं डाळिंबाची बाग आहे. तुमचं शास्त्राचं वाचलं, आता रानातलं सांगतो.

आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला डाळिंबाचा फुलोरा, धरायचा म्हणजे पावसाळा सरला की आम्ही बागेचं पाणी तोडतो. हलक्या रानात महिनाभर, भारी रानात त्याहून जास्त. दुपारी पान मुरडतं आणि संध्याकाळी सरळ होतं तोवर ताण बसला नाही. सकाळच्या पहारीही मुरडलेलंच दिसलं की समजायचं, बसला. मग हलकी छाटणी, इथ्रेल मारून उरलेली पानं गाळायची, आणि मग पाणी सोडायचं. नवी फूट निघते आणि पाठोपाठ कळी. ताण दिला नाही तर झाड नुसतं पाल्यावर जातं, कळी एकसारखी येत नाही.

त्या इस्रायलच्या लोकांचं खरं धरलं तर माझी बाग महिनाभर आवाज करत असणार. मग मी काय तिचा छळ करतोय? मला तसं वाटत नाही. जास्त ताण बसला तर फांद्या वाळतात, झाड मरतं, म्हणून रोज सकाळी जाऊन पान बघावं लागतं. झाड बोलतं हे मी मानतो, पण ते पानानं बोलतं. दुखतं म्हणून बोलतं का, ते मला सांगता येणार नाही. एक विचारतो, हा आवाज मोजून पाणी कधी सोडायचं ते कळेल का?

पानगळ

@डाळिंबवाला दादा, मला या संशोधनाचा खरा उपयोग तिथेच दिसतो. आवाजावरून रोप तहानलेलं आहे की कापलेलं, हे संगणकाला साधारण 70 टक्के वेळा ओळखता आलं. पण ते टोमॅटो-तंबाखूच्या कुंड्यांवर, शांत खोलीत आणि हरितगृहात. उघड्या रानात वारा, किडे, पंप आणि वर डाळिंबासारखं लाकूडवर्गीय झाड. त्यामुळे अजून तरी तुमचा डोळाच भरवशाचा.

@रानजाई, बोसांचं काम मी वर्गात आदरानं शिकवतो. पण इतिहास नीट बघू. बोसांना ज्यांनी विरोध केला त्यांतले बर्डन-सँडरसन यांनी स्वतः 1873 मध्ये किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानात विद्युत संकेत नोंदवले होते. भांडण होतं ते असा प्रतिसाद सर्वसाधारण झाडांतही असतो का, यावर. बोस त्यात बरोबर ठरले. मात्र विद्युत संकेत असणं म्हणजे दुखणं, ही उडी त्यांच्या नावावर आपण मारतोय.

आणि स्वरतंतूंबद्दल. तुमची किंकाळी स्वरतंतूंतून निघते हे खरं, पण त्यांना हुकूम मेंदूकडून येतो. बुडबुड्याला कोणाचा हुकूम? त्या प्रयोगातली एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत. पाणी तोडलेल्या रोपांचा आवाज काही दिवस वाढत गेला आणि रोप पुरतं वाळत आलं तसा कमी झाला. कारण तुटायला पाण्याचे स्तंभच उरले नाहीत. शिवाय ‘कापलेलं रोप’ म्हणजे बुंध्याशी कापून मुळापासून वेगळा केलेला शेंडा. त्याचं पाणी कात्रीनंच तोडलेलं असतं. तिथेही टिकटिक तहानेचीच.

कृष्णाकाठ

आम्ही सांगलीकडचे जैन, घरी ऊस आणि हळद. धाग्याच्या सुरुवातीला शाकाहाराचा विषय आला म्हणून लिहितो.

झाडाला जीव आहे, त्याला स्पर्शाचं एक इंद्रिय आहे, हे आमच्याकडे मायक्रोफोनच्या कितीतरी आधीपासून मानतात. एकेंद्रिय जीव. म्हणून तर कंदमुळं वर्ज्य. ती उपटली की झाड जातं, आणि त्यात अनंत जीव असतात अशी श्रद्धा. आजी चातुर्मासात पालेभाज्याही बंद करायची. त्यामुळे ‘झाडालाही दुखतं, मग तुम्हीही खुनीच’ हा टोमणा आमच्यापर्यंत पोचतच नाही. शेती करणारा माणूस हिंसा टाळू शकत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. जितकी कमी करता येईल तितकी करायची, एवढंच हाती आहे. आणि बकरं-कोंबडी काय खाऊन वाढतात? चारा आणि धान्यच ना! किलोभर मांसामागे त्याच्या कितीतरी पट वनस्पती जातात. झाडाच्या वेदनेची खरंच काळजी असेल तर हिशेब त्या बाजूनंच लागतो.

पण पानगळ सर, तुमचंही मला सगळं पटलं नाही. ‘पुरावा नाही’ म्हणताना तुम्ही पुरावा मागताय तो माणसासारख्या दुखण्याचा. एक इंद्रिय असलेल्या जिवाचं सुखदुःख तुमच्या-माझ्यासारखं का असावं?

भूलतज्ज्ञ

@कृष्णाकाठ, श्रद्धा म्हणून मला हे पूर्ण मान्य आहे. माझी भीती वेगळी आहे. ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं झालं की जिथं वेदना नक्की आहे तिथली ती झाकली जाते. खाटकाकडे उलट्या टांगून नेल्या जाणाऱ्या कोंबडीला दुखतं याबद्दल शंकेला जागाच नाही. टोमॅटोचा व्हिडिओ दाखवून लोक तिच्याकडे पाठ फिरवतात, ते मला बघवत नाही.

रानजाई

हे मात्र मला पटतं, आणि मी स्वतः मांसाहार सोडलाय तो याच कारणानं. पण कोंबडीचं दुःख खरं ठरवायला झाड मुकं ठरवावं लागत नाही.

आवाजाबद्दल अजून एक. 2025 मध्ये तेल अवीवच्याच संशोधकांनी टोमॅटोची दोन टवटवीत रोपं ठेवली. एकाजवळ तहानलेल्या रोपाचे टिकटिक आवाज वाजवले, दुसऱ्याजवळ शांतता. पतंगांच्या माद्यांनी अंडी घालायला शांत रोप जास्त पसंत केलं. म्हणजे आवाज नुसता हवेत विरत नाही, ऐकणारे आहेत.

सर, सरळ विचारते. कोणता पुरावा दिला तर तुम्ही मत बदलाल?

पानगळ

पतंग ऐकतो म्हणजे झाड त्याला सांगतंय असं नव्हे. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून नेमकं उत्तर देतो.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचे झटके दिले. शंख नावडता असेल तर खेकडे सहज बाहेर पडत, आवडता असेल तर झटका सोसून आत राहत. म्हणजे तो प्रतिक्षिप्त धक्का नव्हता, आत काहीतरी तोललं जात होतं. अशा पुराव्यांमुळेच ब्रिटनच्या 2022 च्या प्राणीकल्याण कायद्यात खेकडे आणि ऑक्टोपस यांना संवेदनशील मानलं गेलं. झाडानं अशी तोलामोलाची निवड केली, इजा आणि फायदा समोरासमोर ठेवून, आणि ती साध्या रासायनिक साखळीनं उलगडली नाही, तर मी मत बदलेन.

रानजाई

मग लाजाळूकडेच या. मोनिका गॅलियानो यांनी 2014 मध्ये लाजाळूच्या कुंड्या 15 सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या. इजा होत नाही म्हटल्यावर रोपांनी मिटणं सोडून दिलं. कमी उजेडातली रोपं हे लवकर शिकली, कारण पान मिटलं की अन्न तयार होणं घटतं आणि त्यांना ते परवडणारं नव्हतं. जवळजवळ महिन्याभरानंही ती मिटेनात. धोका आणि पोट समोरासमोर ठेवून केलेली निवड हीच ना?

पानगळ

ही सवय आहे, आणि निकाल महत्त्वाचा आहे हे कबूल. पण तिथे कुंडी आपटली, इजा झाली नाही. इजा करून, उजेड कमी-जास्त करून कोणी हाच प्रयोग केला तर त्याचा निकाल मी आधी वाचेन.

डाळिंबवाला

लाजाळू आमच्या बांधाला भरपूर आहे. कोणाला प्रयोग करायचा असेल तर या, जागा देतो.