जड धातूंची तपासणी: खान्देशातल्या आईबाबांनो, तुमचा अनुभव सांगा

गेल्या महिन्यात जळगावला आमच्या गच्चीवर ऑटिस्टिक मुलांची सात-आठ घरं जमली होती. मुलं खाली आजोबांजवळ, आम्ही वर, मध्ये कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. बोलता बोलता पारोळ्याच्या एका ताईंनी पिशवीतून रिपोर्ट काढला आणि मी तो हातात न घेताच ओळखला. हिरवे, पिवळे, लाल आडवे पट्टे आणि शिशाची रेघ थेट लाल रंगात घुसलेली. माझ्या कपाटात तसाच एक आहे. विचारलं तर जमलेल्यांपैकी चार घरांत तो निघाला. म्हणून हा धागा.

आधी आमचं सांगते. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. अडीचाव्या वर्षी आलेले शब्द गेले, तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. कुणीतरी मोठ्या शहरातल्या एका केंद्राचं नाव दिलं. तिथे पहिल्याच भेटीत ‘अंगात धातू साचलेत का बघू’ म्हणत एक कॅप्सूल हातात ठेवली. ती दिल्यानंतर सहा तासांची लघवी गोळा करायची होती. रिपोर्ट आला, शिसं आणि पारा दोन्ही लाल. मी दोन रात्री झोपले नाही. गरोदरपणात काय खाल्लं, कोणतं काजळ लावलं, कोणत्या भांड्यात दूध तापवलं, सगळं आठवत बसले.

त्या कॅप्सूलमध्ये डीएमएसए होतं, हे मला वर्षभराने कळलं. हे औषध शरीरातले धातू पकडून लघवीवाटे बाहेर ओढतं. थोडंफार शिसं, थोडा पारा आपल्या सगळ्यांच्याच अंगात असतो, त्यामुळे हे औषध घेतल्यावर कुणाच्याही लघवीतला आकडा चढतो. आणि रिपोर्टवरचे हिरवे-लाल पट्टे आखलेले असतात औषध न घेतलेल्या माणसांच्या लघवीवरून. म्हणजे रेघ लाल रंगात जाणारच. अमेरिकेतल्या विषविज्ञानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी शिरेतून साधं रक्त घेतलं. शिसं २.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. अमेरिकेत २०२१पासून ३.५च्या वर गेलं की लक्ष घालतात. माझा मुलगा त्याच्याही खाली होता.

आता तुम्ही लिहा. कोणती तपासणी केली, का केली, पुढे काय झालं. डॉक्टरांची आणि लॅबची नावं नकोत, भांडण वाढवायचं नाहीये. पण लपवूही नका.

भुसावळ, बाबा

आमच्याकडे शिसं खरंच निघालं, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलगी पाच वर्षांची. भाड्याचं जुनं घर, सागवानी चौकटी, त्यावर तेलरंगाचे किती थर होते देव जाणे. तिला खिडकीत बसायला आवडायचं, आणि बसली की गज चाटायची, रंगाचे पोपडे नखाने काढून तोंडात टाकायची. आम्हाला वाटायचं, ऑटिझम आहे म्हणून करते. थेरपीच्या ताईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘ही माती, खडू, रंग असं काही खाते का? मग रक्तातलं शिसं बघितलंय का?’ कॅप्सूल नाही, केस नाहीत, नुसतं रक्त.

पहिला आकडा १७. खात्रीसाठी पुन्हा शिरेतून घेतलं, १६. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, अगदी तळाला. डॉक्टरांनी समजावलं की अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषून घेतं, आणि लोह कमी असलेल्या मुलांना माती-रंग खावासा वाटतो. दोन्ही एकमेकांना वाढवतात.

मी लगेच विचारलं, धातू काढायचं औषध देणार का? ते नाही म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे लहान मुलांमध्ये ते औषध ४५ किंवा त्याहून जास्त असेल तर देतात. ५च्या वर असेल तर आधी शिसं येतं कुठून ते शोधा आणि ते बंद करा. आमचं कुठून येतंय ते तर खिडकीतच दिसत होतं.

तिला मागच्या खोलीत हलवलं. घरमालक म्हणाले, खरवडून नवा रंग देतो. मी हात जोडून थांबवलं, कारण कोरडं खरवडलं की धूळ घरभर होते आणि ती आणखी वाईट. आम्ही ओल्या फडक्याने रोज चौकटी आणि फरशी पुसायचो, जेवणाआधी हात धुवायचो, लोहाचं औषध द्यायचो. चार महिन्यांनी घरच बदललं. जाता जाता सांगतो, घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीचे थर भिंतींवर आणि चौकटींवर अजून आहेतच.

सहा महिन्यांनी ९, वर्षाने ५. झोप सुधारली, पोट दुखायचं थांबलं, चेहऱ्यावर रंग आला. बोलणं आलं नाही. ऑटिझम होता तसा आहे. बायकोने मनात आशा धरली होती, तिला ते सोसायला वेळ लागला. पण शिसं मुलीच्या मेंदूला इजा करत होतं आणि ते थांबलं, याचं समाधान मला पुरेसं आहे.

चोपडा, आई

आम्ही केसांची तपासणी केली. मानेजवळून केस कापून पाठवले. ॲल्युमिनियम जास्त, शिसं जास्त, सोबत पूरक गोळ्यांची यादी, आणि त्या गोळ्या विकणारे तेच. माझ्या भावाने हट्टाने उरलेले केस दुसरीकडे पाठवले तर तिथे शिसं ठीक आणि पारा जास्त. एकाच डोक्याचे केस! पुढे वाचलं की अमेरिकेत एका निरोगी माणसाचे केस सहा लॅबना पाठवून बघितले होते आणि निकाल एकमेकांशी जुळले नव्हते, २००१मध्ये ते छापून आलं. तेल, शाम्पू, धूळ, बोअरचं पाणी, सगळं केसाला बाहेरून चिकटतं. त्यावरून एका मुलाचं निदान होत नाही.

साक्री, सून (आजींच्या वतीने)

आमच्या आजी लिहू शकत नाहीत, पण त्यांनाच सांगायचं आहे. नातू चार वर्षांचा, अंगणातली माती खायचा. आजी म्हणायच्या, ‘पोऱ्याले नजर लागनी.’ रक्तातलं शिसं ७ आलं तेव्हा डॉक्टरांनी घरातली एकेक वस्तू विचारली. काजळ कुठलं? सुरमा लावता का? मुलाला बुद्धी वाढायला भस्माच्या पुड्या देता का? पितळेच्या भांड्यांना कल्हई कुणाकडून करता, कारण कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. आणि हळद सुटी घेता का?

हळदीला आजी हसल्या. बाजारातून आणलेल्या त्या हळदीचं त्यांना कोण कौतुक, ‘हाई हयद कितली पिवयी शे!’ तोच पिवळेपणा घातक असू शकतो. हळद चकचकीत दिसावी म्हणून काही ठिकाणी तिला लेड क्रोमेट लावतात, ते शिशाचंच पिवळं रंगद्रव्य. आणि नुसती पूड टाळून भागत नाही, पॉलिश केलेल्या हळकुंडालाही ते चोळलेलं असतं. आता आखाजीच्या आधी ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिनपॉलिशची मातकट हळकुंडं आणतो आणि घरी कुटतो. सुरमा बंद, पुड्या बंद, कल्हईची भांडी माळ्यावर. आठ महिन्यांनी ३. नेमकं कशामुळे उतरलं ते सांगता येत नाही, सगळंच एकदम बदललं. आजींना एवढंच सांगायचं आहे की पुड्या त्यांनी प्रेमाने दिल्या होत्या.

अमळनेर, लॅबमध्ये काम करणारा मामा

भाचा ऑटिस्टिक, आणि मी रोज रक्त घेतो, म्हणून कामाचं सांगतो. रक्त शिरेतून घ्या. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ त्यात उतरते आणि आकडा खोटा चढतो. नमुना ज्या नळीत घ्यायचा ती धातूरहित हवी, मोठ्या लॅब त्यासाठी गडद निळ्या झाकणाची नळी देतात. नमुना बहुतेक मुंबईला जातो, तेव्हा निकालाला काही दिवस लागतील, घाबरू नका.

एकक बघा! आमच्याकडे एक वडील रडत आले होते, मुलाचं शिसं ३१. कागदावर नीट बघितलं तर ते प्रति लिटर होतं. डेसिलिटरमध्ये ते ३.१ होतं. आणि लघवीचा आकडा क्रिएटिनिनच्या (लघवीतून बाहेर पडणारा एक टाकाऊ पदार्थ) प्रमाणात लिहिलेला असतो. लहान मुलाचं क्रिएटिनिन मुळातच कमी, त्यामुळे भागाकार फुगतो.

नवापूर, आई

थोडक्यात लिहिते. सुरतेला जाऊन तपासणी केली, लघवीत आर्सेनिक जास्त. आदल्या दोन दिवसांत सुकट झाली होती, आमच्याकडे होतेच. मासळीतलं आर्सेनिक वेगळ्या रूपातलं, फारसं अपायकारक नसतं, पण एकूण आकड्यात मिसळून येतं. मासे बंद ठेवून चार दिवसांनी परत केली, नॉर्मल. दोन्ही वेळेस रेल्वेत मुलाला सांभाळताना जे हाल झाले ते वेगळेच.

धुळे, बाबा

हे लिहायला मला आठ दिवस लागले.

आम्ही चिलेशन केलं, म्हणजे औषध देऊन अंगातले धातू बाहेर काढायचे उपचार. पट्ट्यांचा तोच रिपोर्ट, आणि ‘धातू काढले की मूल मोकळं होईल’ हे वाक्य. तीन दिवस गोळ्या, अकरा दिवस विश्रांती, असे आठ महिने. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्यात गेले. दर फेरीनंतर पुन्हा लघवी, पुन्हा लाल, आणि ते सांगायचे, ‘बघा, बाहेर पडतंय.’ औषध दिल्यावर बाहेर पडणारच होतं, हे आत्ता वरती वाचून माझ्या ध्यानात आलं.

मध्येच मुलगा चार-पाच शब्द बोलायला लागला. मी गावभर सांगत सुटलो की औषध लागू पडलं. स्पीच थेरपीही त्याच दरम्यान सुरू झाली होती, तिचं श्रेय मी दिलंच नाही. मग एकदा ताप उतरेना, तोंडात फोड. रक्तात पांढऱ्या पेशी फार खाली गेलेल्या. बालरोगतज्ज्ञांनी गोळ्यांची यादी मागितली, वाचली आणि त्याच क्षणी ते औषध बंद केलं. पांढऱ्या पेशी कमी होणं हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तीन आठवडे मी दवाखान्याच्या खाटेशी बसून होतो. पेशी वाढल्या, मुलगा वाचला.

अमेरिकेत २००५मध्ये पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा शिरेतून दिलेल्या चिलेशनने गेला. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं आणि हृदय थांबलं. तिथल्या सरकारी संस्थेने ऑटिझमसाठी चिलेशनचा अभ्यास योजला होता, तोही २००८मध्ये सुरू होण्याआधीच थांबवला. मला हे आधी माहीत असतं तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाच्या हातात तो रिपोर्ट असेल तर कृपा करून गोळ्या सुरू करायच्या आधी मला फोन करा, नंबर ताईंकडे आहे.

पाचोरा, आई

पाऱ्याच्या भीतीने मी धाकटीला गोवराची लस दिली नाही. गोवर-रुबेलाच्या लसीत पारा असलेलं थायोमर्सल कधीच नसतं, ती जिवंत विषाणूची लस आहे, ते घातलं तर लसच मरेल. आणि लस-ऑटिझमचा १९९८चा तो निबंध खुद्द ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला. हे सगळं मला आशाताईंनी दारात उभं राहून तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळेला मी ऐकलं. लस झाली.

यावल, आई

आमचं बॅटरीचं दुकान, इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टरच्या. मिस्टर मागच्या पडवीत जुन्या बॅटऱ्या फोडायचे. मुलाला ऑटिझम, म्हणून त्याचं शिसं तपासलं, २४. डॉक्टर म्हणाले घरातल्या सगळ्यांचं करा. सासूबाई म्हणाल्या, ‘बाकीच्यांचं कायले?’ तरी केलं. मोठी मुलगी, वर्गात पहिली येणारी, गडबड्या, बडबडी, तिचं २२ निघालं. तिला ऑटिझमचं एकही लक्षण नाही.

त्या दिवसापासून मी ‘शिशामुळे ऑटिझम झाला का’ असं विचारणं सोडलं. शिसं दोघांच्या अंगात होतं आणि दोघांसाठी वाईट होतं. बॅटऱ्या फोडणं बंद केलं. दुकान गावाबाहेर नेलं. मिस्टर तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून घरी येतात, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुत नाही. पडवीतली वरची माती काढून सिमेंट केलं. आता मुलीचं ८ आहे, मुलाचं ११. मिस्टरांचं स्वतःचं अजून बरंच जास्त आहे. हाडांत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं राहतं म्हणे.

चाळीसगाव, आई

माझा तीन वर्षांचा आहे, परवाच निदान झालं. तो खडू आणि भिंतीचा चुना खातो. सगळं वाचून डोकं गरगरतंय. मी नेमकं काय करू?

जळगाव (धागा काढणारी)

ताई, चुना-खडू खातो म्हणजे तुझ्या बाळाचं रक्त तपासायला खरंच कारण आहे. तुझ्या बालरोगतज्ज्ञांना तीनच गोष्टी सांग: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि शिरेतून रक्तातलं शिसं. आधी कॅप्सूल घ्यायला सांगितली तर घेऊ नकोस. केस देऊ नकोस. आकडा काहीही येवो, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीची तारीख त्याच्यासाठी थांबवू नकोस. खाजगी परवडत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी डीईआयसी आहे, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथे नाव घाल. आणि घरात अहिराणी बोलत असाल तर ती बंद करू नका, तुला कुणीतरी तसं सांगणारच आहे. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं नुकसान होत नाही.

भिंतीला चुनाच आहे की खाली जुना तेलरंगही आहे, तेवढं बघून मला कळव.